बाहेरचा तास

परदेशी माणसाला हिंदी शिकवायची तर आधी त्याला वर्गाबाहेर हाकलावं लागतं, असं अल्मोड्याच्या त्या भाषाशाळेचं ठाम मत होतं. हंसा लोहनी चोवीस वर्षं ते मत इमानेइतबारे राबवत होती. सकाळी दहाला समोरासमोर बसून धडा आणि दुपारी तीन ते चार 'बाहेरचा तास'. त्या तासाला विद्यार्थ्यानं वही, पेन्सिल, मोबाइल सगळं शाळेत ठेवायचं, बाजारात नाहीतर एखाद्या मोहल्ल्यात जायचं आणि कुणातरी एकाच माणसाशी गप्पा मारायच्या. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं बोलणं 'मी' म्हणून सांगायचं. 'तो म्हणाला' चालत नसे. न्हाव्याशी बोललात तर तुम्ही न्हावी. विद्यार्थी वाक्य मोडकंतोडकं बोले, हंसा ते सरळ करून म्हणे, मग विद्यार्थ्यानं ते तीनदा घोकायचं आणि पुढच्या वाक्याला लागायचं. शिक्षकानं मजकुरात नाक खुपसायचं नाही, हा वर आणखी एक नियम. एका जर्मन इंजिनियरानं आठवडाभर चहावाल्याच्या मूळव्याधीची हकिकत सांगितली होती. हंसानं तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता सरळ करून दिली होती.

नॉर्वेची मारिट ऑक्टोबरात आली. वय चौतीस, पेशानं नर्स, आणि उंची एवढी की वर्गात शिरताना तिला मान वाकवावी लागे. खालच्या खोऱ्यातल्या एका दवाखान्यात तिला रुजू व्हायचं होतं. तिथं पहाडी रुग्ण येत तसे पायथ्याच्या तराईतले मुसलमानही येत, म्हणून ती हंसाकडे हिंदी शिके आणि चहानंतर मुअज्जम अलींकडे उर्दू. सहा आठवड्यांचा अभ्यास, शेवटी तोंडी परीक्षा, शिक्षकाची सही झाली की सुटका.

पहिले दोन आठवडे मारिट कधी शिंपी झाली, कधी 'बाल मिठाई' विकणारा हलवाई. तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी ती म्हणाली, "आज मी म्हातारी बाई. खाली नौल्यावर भेटली."

"बोला," हंसा म्हणाली.

मारिटनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी रोज पाणी भरायला येतो. गगरी जड झाला. चढ आधी एवढा नव्हती."

"येते. झाली. नव्हता." हंसानं वाक्यं सरळ करून दिली. खालच्या मोहल्ल्यातला नौला, तो दगडी छपराचा झरा, घरोघरी नळ आल्यापासून आटून गेला होता, हे तिच्या मनात आलं. पण मजकूर हा आपला प्रांत नव्हे. दुसरा कुठला नौला असेल, म्हणून तिनं कानाडोळा केला.

पुढचे दोन दिवस तीच बाई आली. मारिटच्या चुका वाढत चालल्या होत्या. शब्दांची शेपटं ओढल्यासारखी लांबत, वाक्य मध्येच वर चढे. नौल्यावर बसून नको त्या सवयी उचलतेय, असं म्हणत हंसा ते घासूनपुसून काढत राहिली.

चौथ्या दिवशी मारिट म्हणाली, "माझी सासू गूळ कुलपात ठेवायची. मी त्यातला एक खडा चोरायची आणि राजम्याच्या डब्यात पुरून ठेवायची. मुलगी शाळेतून आली की डब्यात कोपरापर्यंत हात घालायची. आम्ही दोघी काहीच बोलायचो नाही."

हंसा ते वाक्य म्हणायला गेली आणि पहिल्याच शब्दाला अडली. तो डबा, तो गूळ, हाताला लागणारे थंडगार राजमे. जगात ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. एक ती स्वतः. दुसरी तिची ईजा, तिची आई. आणि ईजा तीन वर्षं घरातल्या खाटेवर उताणी पडून होती. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डावा हात थोडा हले, तोही चमचा नको म्हणून ढकलण्यापुरता.

मग तिच्या लक्षात आलं की तीन दिवस आपण घासूनपुसून काढत होतो त्या चुका नव्हत्याच. गंगोलीहाटाकडच्या बायका तशाच बोलतात. ईजा तशीच बोलायची.

"हंसाजी?" मारिट म्हणाली. "चुकलं?"

"नाही," हंसा म्हणाली. "पुढे बोला."

त्या दिवशी ती घरी लवकर गेली. दिवसभर ईजाजवळ बसणारी शेजारची देबुली अंगणात मुळे किसत होती.

"देबुली, ईजा दुपारी काय करते गं?"

"आमा? झोपते की. तीनच्या सुमाराला ढिम्म. हाक मारा, हलवा, डोळा उघडत नाही. चारला आपोआप जागी होते." देबुलीनं किसणी खाली ठेवली. "दीदी, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग ना."

"काल पाय पुसायला घेतले तर बर्फासारखे गार. आणि तळव्यांना शेवाळ. ओलं. आईशप्पथ, मी कुठं नेलं नाही हो त्यांना. मी कशी नेणार? मी एवढीशी आणि आमा केवढी!"

हंसा आत गेली. ईजा छताकडे बघत पडली होती. तिच्या पायांवरची रजई उचलून बघायचा हंसाला धीर झाला नाही.

खरं तर दुसऱ्याच एका गोष्टीचा धीर तिला तीन वर्षं होत नव्हता. मार्च महिना होता. ईजा न्हाणीत होती. आधी पाणी गार म्हणून हाक, मग टॉवेल म्हणून, मग वेणी घालून दे म्हणून. शाळेला उशीर होत होता, रात्रभर ईजाच्या खोकल्यानं झोप नव्हती, आणि हंसा दाराबाहेर उभी राहून दात-ओठ खात म्हणाली होती, "कधी जाशील गं तू, आणि कधी सुटेन मी!" आतून पाण्याचा आवाज थांबला नव्हता. की थांबला होता? तेच तिला आठवत नसे. त्याच दुपारी देबुलीचा फोन आला आणि हंसा पोचेपर्यंत ईजाची जीभ गेली होती. तेव्हापासून हंसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ईजानं ते ऐकलं होतं का, एवढंच. ऐकलं असेल तर पाया पडायचं होतं, नसेल तर निदान झोप तरी लागली असती. पण खाटेवरच्या त्या मुक्या चेहऱ्याला तोंडानं विचारणं तिला जमलं नाही. पेज भरवत राहिली, कपडे बदलत राहिली, कुशीवर वळवत राहिली, आणि गप्प राहिली.

रविवारी ती स्वतः नौल्यावर गेली. पायऱ्यांवर अंगाला झोंबणारं बिच्छू गवत माजलेलं, तळाशी चिप्सची रिकामी पाकिटं आणि तडकलेला चिखल. पाण्याचा थेंब नाही. फक्त शेवटच्या पायरीवर गगरी टेकवल्यासारखा एक गोल ओला डाग होता. तीनला ती बसली, चारपर्यंत बसली. "ईजा," म्हणून दोनदा हाकही मारली. छपराखालून कुणी ओ दिली नाही. परतताना तिला रडू फुटलं आणि रागही आला. परक्या पोरीला भेटते, तिच्याशी तासभर बोलते, आणि पोटच्या पोरीला तोंड दाखवत नाही!

सोमवारी तिनं चोवीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. मारिटला प्रश्न घोकवून पाठवला. साधाच, सुरुवातीचा. लहानपणी तुमच्या घरी म्हशी किती होत्या? उत्तर आलं, नावांसकट. दुसऱ्या दिवशी विचारलं, मुलगी शाळेत शिक्षिका झाली तेव्हा काय वाटलं? मारिट म्हणाली, "मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत सुटले. वाण्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, काकी, कालच सांगितलंत. मी म्हटलं, मग काय झालं?"

हंसा त्या दिवशी वर्गात खो-खो हसली. शाळेत लोक वळून बघायला लागले. विधवा झाल्यापासून ती अशी हसली नव्हती. घरी जाताना मारिटसाठी पानात गुंडाळलेल्या खव्याच्या सिंगौड्या घेऊन ठेवू लागली, सकाळी साडी नीट नेसू लागली. दहा वाजायची ती अशी वाट बघे की जणू माहेरी जायचंय.

मारिट मात्र शाल पांघरून येऊ लागली. नोव्हेंबरातलं ऊन चांगलं कडक होतं, तरी ती कुडकुडे. एकदा चहाचा कप तिच्या उजव्या हातातून सुटला आणि फुटला. ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. घरी ईजाही झपाट्यानं उतरत होती. देबुली म्हणे, "दीदी, आमाला उचलताना आता वजनच लागत नाही." हंसा हे ऐके आणि दुसऱ्या दिवशीचा प्रश्न जुळवत बसे.

"पंडितीणबाई," मुअज्जम अली एकदा चहाच्या वेळी म्हणाले. त्यांना शाळेत सगळे मुअज्जम दा म्हणत. अल्मोड्याच्याच नियाजगंजात जन्मलेले, साठीला आलेले, जिभेला तिखट. "तुमची ती माडाएवढी चेली सध्या डाव्या हातानं लिहिते. मी म्हटलं, बिटिया, उर्दू उजवीकडून लिहायची, उजव्या हातानं. तर म्हणते, तो हात झोपलाय."

"थंडी सोसत नसेल तिला."

"नॉर्वेच्या बाईला? अल्मोड्याची थंडी?" ते हसले, मग हसायचे थांबले. "काल तिच्या आईचा फोन आला होता. व्हरांड्यात उभी होती. पाच मिनिटं नुसती 'हो, हो' करत होती. मी चिडवलं, आईशी भांडण झालं काय? तर म्हणाली, शब्दच सापडत नाहीत. स्वतःच्या भाषेतले. तिकडे आई रडायला लागली."

"नवी भाषा आली की होतं असं थोडे दिवस."

"चाळीस वर्षं शिकवतोय मी, हंसा. असं होत नाही."

सहावा आठवडा संपला. तोंडी परीक्षेला मारिटनं अर्धा तास अडखळल्याशिवाय हिंदी बोलून दाखवलं, आणि हंसानं तिला नापास केली. 'क्रियापदं कच्ची, आणखी दोन आठवडे आवश्यक,' असं तिनं कागदावर लिहिलं तेव्हा तिची नजर कागदावरून वर उठली नाही. मारिटनं मान डोलावली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून तिची लाळ ओघळली होती. ती तिनं शालीनं टिपली.

मुअज्जम दा तो कागद घेऊन तडक तिच्या वर्गात आले. "ही पोरगी तुमच्या-माझ्यापेक्षा बरं बोलते आणि तुम्ही तिला नापास करता? लाज वाटत नाही?"

हंसानं टेबलावरची वही मिटली.

"तुम्ही तिला काहीतरी आणायला पाठवता. काय ते मी विचारत नाही, मला ते ऐकायचंही नाही. पण शाळेतून जाते ती अख्खी मुलगी, आणि परत येते तेव्हा रोज थोडी कमी असते. आंधळा नाही मी."

"एकदाच," हंसा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "फक्त एकदा, मुअज्जम दा. मग सोडते."

त्या दुपारी तिनं मारिटला प्रश्न दिला. आजारी पडलात त्या दिवशी सकाळी, मुलगी न्हाणीच्या दाराशी काय म्हणाली? मारिटनं तो तीनदा घोकला. शाळेच्या फाटकातून ती उजवा पाय किंचित ओढत उतारावर गेली. हंसा खिडकीत उभी होती. पोरीला हाक मारून परत बोलवावं असं तिला वाटलं, पण तिनं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मारिट भिंतीला धरत वर्गात आली. खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले. उजवा हात तिनं डाव्यानं उचलून ठेवला. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, तरी शब्द मात्र लख्ख निघाले.

"हिला परत पाठवू नकोस, हंसा."

वाक्यात सरळ करण्यासारखं काहीच नव्हतं.

"मला एकटीला बोलता येत नाही. मी हिचा हात धरते, मग येतं. माझा तास संपतो तेव्हा हिला पायऱ्या चढवत नाहीत. बसून राहते बिचारी. तुला सांगत नाही, तू नाराज होशील म्हणून. गुणाची पोर आहे. पण हिलाही ईजा आहे गं. ती तिकडे फोन धरून रडते, ते मला इथं नौल्यावर ऐकू येतं."

"ईजा," हंसाच्या तोंडून निघून गेलं.

"तुला काय विचारायचंय ते ठाऊक आहे मला. विचारायचं तर घरी विचार. दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडून कशाला? मी घरीच आहे."

मारिट थांबली. तिनं डोळे मिचकावले आणि पुन्हा मारिट झाली, दमलेली, ओठ पांढरे पडलेली. "हंसाजी, बरोबर होतं? आता मी तीन वेळा म्हणते. 'मी घरीच...'"

"नको!" हंसानं टेबलावरून झेपावून तिचे दोन्ही हात धरले. उजवा हात झऱ्याच्या पाण्यासारखा गार होता. "नको म्हणूस. तू अजिबात म्हणू नकोस. झालं तुझं. पास झालीस तू."

तिनं कालचा कागद टराटरा फाडला, नव्यावर सही केली. मुअज्जम दांनी जीप बोलावली. मारिटचं सामान भरायला देबुलीच्या नवऱ्याला हाताशी घेतलं. मारिट गोंधळून सगळ्यांकडे बघत होती.

"पण तीन वाजता ती वाट बघेल माझी. तिला सांगायला हवं."

"मी सांगेन तिला," हंसा म्हणाली. "तू आधी आईला फोन लाव. इथंच, माझ्यासमोर."

फोन लागला. पलीकडून एका बाईचा घाबरा आवाज आला. मारिटनं तोंड उघडलं, मिटलं. कपाळावर घाम आला. हंसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा खोकणाऱ्या ईजाच्या पाठीवरून फिरवायची. एक शब्द आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग एकदम धबधबा सुटला आणि मारिट हुंदके देत, हसत, त्या अगम्य भाषेत बोलतच सुटली. त्यातलं अक्षर हंसाला कळलं नाही. कळलं नाही म्हणूनच तिच्या जिवात जीव आला.

पावणेतीनला जीप काठगोदामच्या रस्त्याला लागली. मुअज्जम दा पुढे बसले होते. "स्टेशनपर्यंत सोडून येतो," ते खिडकीतून म्हणाले, आणि जरा थांबून, "घरी जा, हंसा."

हंसा चढ चढून घरी पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. देबुलीला तिनं घरी पाठवलं. ईजा डोळे मिटून ढिम्म पडली होती. श्वास एवढा हळू की रजई हलत नव्हती. पायांशी गादी ओली झाली होती. हंसा खाटेच्या काठावर बसून राहिली. आत्ता या घटकेला ईजा तिकडे त्या कोरड्या पायऱ्यांवर गगरी घेऊन उभी असेल, वर चढाकडे बघत असेल, आणि कुणी येणार नाही, या विचारानं तिचा जीव तुटत होता. दोनदा ती उठली. दोनदा दारापर्यंत गेली. विचारायचं तर घरी विचार, हे आठवून परत येऊन बसली.

चार वाजले. ईजानं डोळे उघडले.

हंसानं तिचा डावा हात हातात घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून देणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य धड उभं करता येईना.

"ईजा, त्या दिवशी... तू न्हाणीत होतीस. मी दाराशी काय बोलले ते... ऐकलंस तू?"

ईजा तिच्याकडे बघत राहिली. छताकडे नाही, तिच्याकडे. तीन वर्षांत तिनं असं बघितलं नव्हतं. मग तिनं आपला हात हंसाच्या हातातून हळूहळू सोडवून घेतला.

ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. हंसा तिच्या उशाशी डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. माफ कर म्हणावं एवढाही आवाज तिच्यात उरला नाही. बाहेर उन्हं उतरली, खोलीत गारठा भरू लागला.

बऱ्याच वेळानं तिला गुडघ्याशी काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिनं मान वर केली. ईजाचा डावा हात रजईची कड चाचपत होता. कड सापडली. थरथरत, धापा टाकत ईजा ती कड हंसाच्या मांडीवर ओढून घालू लागली. रजई तोकडी होती. ईजाचे स्वतःचे ओले पाय उघडे पडले, तरी ती ओढतच राहिली.